गोव्यात एकट्याने पहिला रमजान: सहेरीपासून ईदपर्यंत खाण्यापिण्याची घडी

घरी रोजा धरणं किती सोपं होतं, हे मला घर सोडल्यावर कळलं. कुडाळला अम्मी उठवायची, ताट समोर यायचं, मगरिबची (सूर्यास्ताची) अजान झाली की खजूर हातात असायचा. नोकरीसाठी वास्कोला पीजीत राहायला आले आणि हे सगळं एकटीवर आलं. सहेरीला (पहाटेच्या जेवणाला) उठायचे नाही, इफ्तारला (रोजा सोडताना) रस्त्यावरचे समोसे आणि भजी, रात्री झोपण्यापूर्वी दोन कप चहा. नवव्या रोज्याला वेर्ण्याला कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभी होते, दुपारचे तीन वाजले असतील, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या ताईने धरलं नसतं तर पट्ट्यावरच पडले असते.

त्यानंतर बरेच रमजान गोव्यातच गेले, आधी पीजीत, मग लग्नानंतर फोंड्याला. आता दरवर्षी कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्गातून नोकरीला आलेल्या मुली आणि मुलगे मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: तुमचा रोजा कसा जाणार, हे मगरिब ते फजर (पहाटेची नमाज) या दहा-अकरा तासांत ठरतं. दिवसा करण्यासारखं फार थोडं असतं.

१. रोजा तुम्ही धरावा का, हे आधी विचारून घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून पहिलं. आजारी माणसाला आणि मुसाफिराला सूट आहे, हे कुराणातच, सूरे बकरात आहे (आयत १८४ आणि १८५). नंतर कजा करायची, म्हणजे सुटलेला रोजा पुढे भरून काढायचा, आणि बरं होण्याची आशाच नसेल तर फिदिया (गरिबाला जेवण) द्यायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर तिलाही सूट आहे. कजाबरोबर फिदियाही द्यायचा का, हे मसलकाप्रमाणे, म्हणजे पंथाप्रमाणे, बदलतं. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी, आणि गोव्यात दोघेही भेटतात. तेव्हा आपल्या मौलानांना विचारा.

डॉक्टरकडे मात्र रमजानच्या दीड-दोन महिने आधी जा, चंद्र दिसल्यावर नको. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, हृदयविकार, फिट्स, मुतखडा, पोटातला अल्सर, यांपैकी काहीही असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांना (टाइप १) आणि डायलिसिसवर असलेल्यांना डॉक्टर सहसा रोजा धरू नका असंच सांगतात. ते ऐका.

सोबत न्यायचे कागद:

- चालू गोळ्यांची चिठ्ठी. नसेल तर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याच घेऊन जा
- तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी (एचबीएवनसी)
- मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट
- मागच्या रमजानात काय त्रास झाला, ते कागदावर चार ओळींत लिहून

हा शेवटचा कागद कुणी नेत नाही. डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. आणि "उपास धरणार आहे" एवढंच सांगू नका. आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आणि चहा चालतो असंच समोरच्याला वाटतं. "पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही आणि गोळीही नाही" असं स्पष्ट सांगा.

२. चंद्र दिसण्याआधीची तयारी

चहा कमी करायला दहा दिवस आधी लागा. पहिल्या दोन-तीन रोज्यांना जी डोकेदुखी होते, ती बऱ्याचदा भुकेची नसून चहा-कॉफी अचानक तुटल्याची असते. चार कप असतील तर तीनवर, मग दोनवर या. सकाळचा कप आधी सोडा.

घरमालकाशी बोला. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात दिवा लागणार, भांडं वाजणार, हे आधी सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. माझ्या पीजीच्या काकी ख्रिश्चन होत्या. त्यांचा लेंट (ईस्टरआधीचा उपासांचा काळ) आणि माझा रमजान काही दिवस एकत्र आला, आणि त्यांनीच मला ओट्यावरचा एक कोपरा रिकामा करून दिला. कंपनीतही सुपरवायझरना सांगा. दुपारच्या जेवणाची सुट्टी संध्याकाळी मिळते का, जड काम सकाळच्या वेळेत घेता येतं का, ते विचारा. हॉटेलच्या किचनमध्ये काम करणाऱ्यांना पदार्थ चाखावा लागतो. गरजेपुरता जिभेच्या टोकावर चाखून थुंकला, घशाखाली गेला नाही, तर चालतं असं मौलाना सांगतात. तुम्हीही आपल्या मौलानांना एकदा विचारून मन मोकळं करून घ्या.

जवळ ठेवायच्या वस्तू: एक लिटरची बाटली (पाणी मोजता येतं म्हणून), थर्मास, झाकणाचा डबा, छोटा राइस कुकर किंवा विजेची किटली, दोन अलार्म, आणि घरात कुणाला साखर असेल तर ग्लुकोमीटर आणि पुरेशा पट्ट्या.

३. वेळापत्रक स्थानिक मशिदीचंच घ्या

फोनमधल्या ॲपवर शहर मुंबई राहिलेलं असतं, ही नव्या लोकांची नेहमीची चूक. गोवा मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे मार्चच्या सुमाराला इथे सूर्य चार-पाच मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. मुंबईच्या वेळेने सहेरी खाल्ली तर इथली फजर होऊन गेलेली असते. पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा, फोंडा, वाळपई, कुठेही असा, जवळच्या मशिदीतून छापील तक्ता घ्या आणि दाराच्या मागे चिकटवा.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ आणि २०२५ साली तो मार्चमध्ये होता, २०२६ साली फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आला, आणि २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा सुरू होईल. गोव्यात फेब्रुवारी-मार्चचा रोजा साधारण सव्वातेरा तासांचा भरतो. तास फार नाहीत. त्रास होतो तो दमट हवेचा, कारण घाम वाळत नाही आणि अंगातलं पाणी जातच राहतं.

४. सहेरी: हिच्याशी तडजोड नको

"रात्री उशिरा भरपूर जेवून झोपते, मग सहेरीला उठायला नको" असं मला दरवर्षी कुणीतरी सांगतं. मीही तेच करत होते, आणि नवव्या दिवशी काय झालं ते वर लिहिलंच आहे. रात्री अकराला जेवलात तर दुसऱ्या दिवशी पावणेसातपर्यंत जवळजवळ वीस तास होतात. सहेरीत बरकत आहे, ती करा, हे हदीसमध्ये सांगितलेलं आहे, आणि शरीराच्या हिशेबानेही तेच बरोबर आहे.

ताटात तीन गोष्टी हव्यात: हळूहळू पचणारं धान्य, काहीतरी प्रथिनांचं, आणि पाणी. गोव्यात यासाठी उत्तम गोष्टी हाताशी आहेत:

- उकड्या तांदळाची पेज. रात्री कुकरला लावून ठेवा, पहाटे नुसती गरम करा. धान्यही आणि पाणीही एकाच वाटीत. बरोबर उकडलेलं अंडं किंवा मुगाची उसळ. पेजेबरोबर खारा बांगडा किंवा लोणचं खायची सवय असेल तर ती या महिन्यापुरती बाजूला ठेवा. मिठाने दुपारी बाराला घसा कोरडा पडतो. पापड आणि फरसाणही त्यातलेच.
- नाचणीचं तिझन (पातळ लापशी). कमी गूळ घालून, दूध किंवा नारळाचा रस घालून. ज्यांना पहाटे चावायचाच कंटाळा येतो, त्यांच्यासाठी.
- पोई आणि ऑम्लेट. कोंडा असलेली पोई पांढऱ्या पावापेक्षा जास्त वेळ पोटात टिकते. फक्त पोदेर (पाववाला) सकाळी भोंगा वाजवत येतो तेव्हा सहेरी संपलेली असते. संध्याकाळच्या फेरीला घ्या आणि फडक्यात गुंडाळून ठेवा. पीजीतली माझी कुडचड्याची मैत्रीण रोज संध्याकाळी दोन पोया माझ्यासाठी घेऊन ठेवायची. महिनाभर एकदाही विसरली नाही.
- शेवटी वाटीभर दही आणि एक केळं.

पाणी उठल्या उठल्या एक ग्लास, जेवताना एक, आणि शेवटच्या दहा मिनिटांत एक. अजान व्हायच्या आत लिटरभर घटाघटा पिऊन काही साठत नाही. तासाभरात लघवीवाटे निघून जातं आणि झोपमोड होते ती वेगळीच. चहा प्यायचाच असेल तर अर्धा कप, तोही आधी.

सान्नांबद्दल एक सूचना. बाजारात मिळणारी पांढरीशुभ्र सान्नां इडलीसारखी दिसतात, पण पारंपरिक पद्धतीत पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालतात. आता बरेच जण यीस्ट वापरतात. विकणाऱ्या मावशीला सरळ विचारा, त्या खरं सांगतात.

५. दिवस

उन्हातली कामं अकराच्या आत. दुपारी वीस-पंचवीस मिनिटं डोळा लागला तर संध्याकाळपर्यंत तरतरी राहते. दोन तास झोपलात तर मात्र रात्री झोप येत नाही आणि सहेरी चुकते. व्यायाम करणाऱ्यांनी तो इफ्तारच्या दोन तासांनंतर करावा. पाणी पुरेसं जातं आहे की नाही हे लघवीच्या रंगावरून कळतं. गडद पिवळी झाली तर त्या रात्री पाणी वाढवायचं.

६. इफ्तार: पहिली वीस मिनिटं

खजूर, पाणी, मग नमाज. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चांगला क्रम हाच, आणि तो आपल्याला आधीपासून शिकवलेला आहे. तीन खजूर आणि एक ग्लास साधं पाणी घेतलं की साखर वर यायला लागते. नमाज होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि परत येऊन बसता तेव्हा ताटावर तुटून पडायची घाई राहिलेली नसते. नमाजेच्या आधीच समोसे, भजी, कटलेट, सरबत असं सगळं उरकलं, की पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत दुप्पट खाऊन झालेलं असतं. मग छातीत जळजळ, तरावीहला (रमजानातल्या रात्रीच्या नमाजेला) उभं राहवत नाही आणि खरं जेवण राहूनच जातं.

खजुरात मऊ काळा किमिया डब्यात सगळीकडे मिळतो आणि परवडतो. महागडा अजवाच हवा असं काही नाही. किमिया फ्रीजमध्ये ठेवा, गोव्याच्या हवेत बाहेर आंबतो.

प्यायला काय? लाल गुलाबी सरबतात साखरच साखर असते, ग्लास भरून रोज नको. त्याऐवजी शहाळं, ताक, भिजवलेला सब्जा घातलेलं लिंबूपाणी, किंवा आगळाचं पातळ कोकम सरबत. रिकाम्या पोटी ज्यांना आंबट सोसत नाही त्यांनी कोकम आणि सोलकढी जेवणाबरोबर घ्यावी. फळांत या दिवसांत कलिंगड. पर्रेची कलिंगडं प्रसिद्ध आहेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ऐन हंगामात मिळाली तर सोडू नका.

आणि एक सापळा, जो बाहेरून आलेल्यांना माहीतच नसतो. मार्च-एप्रिलला काजूच्या बोंडांचा ताजा रस, निरो, रस्त्याकडेला बाटल्यांतून मिळतो. चव गोड आणि थंड. पण तो उन्हात काही तासांत आंबायला लागतो, आणि आंबलेला रस आपल्याला चालत नाही. डोळ्यांसमोर पिळलेला नसेल तर घेऊ नका.

तळलेलं अगदी बंद करा असं मी म्हणणार नाही. रमजानात आईच्या हातच्या भज्यांची आठवण येणारच. आमच्या घरी ठरलंय, तळलेला एकच पदार्थ, माणशी दोन नग, आणि कढईतलं तेल दुसऱ्या दिवशी परत तापवायचं नाही. बाकी ताटात उकडलेले चणे कांदा-कोथिंबीर-लिंबू घालून, आणि फळं.

बसमध्ये असाल तर डबा जवळ ठेवा. मार्चमध्ये आमची कंपनीची बस चिखलीच्या आसपास असायची तेव्हा मगरिब व्हायची. खिडकीतून अजान ऐकू यायची, मी डबा उघडायचे. तीन खजूर माझे आणि बाकीचे पुढे-मागे वाटायचे. बसमधले सगळे अजानची वाट बघायला लागले होते.

७. इफ्तार ते झोप

मुख्य जेवण साधं: भात किंवा भाकरी, डाळ, भाजी, मासळी किंवा कोंबडी. तरावीहला वीस रकात उभं राहायचं असेल तर आधी अर्धं आणि परतल्यावर अर्धं असंही चालतं. तारले आणि बांगडे ताजे मिळतात तिथे रोज मटण कशाला? माशाची आमटी हलकी आणि प्रथिनांनी भरलेली. भाजी मात्र विसरू नका. पहिल्या आठवड्यात बद्धकोष्ठाची तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते, आणि कारण एकच, ताटात मैदा आणि मांस भरपूर, पालेभाजी शून्य. तांबडी भाजी, चवळीची भाजी, काकडी, काहीतरी रोज हवंच.

पाण्याचा हिशेब बाटलीने ठेवा. झोपेपर्यंत दीड लिटर, थोडं थोडं, आणि उरलेलं सहेरीला. म्हणजे सगळं मिळून दोन-सव्वादोन लिटर होतं.

वजन कमी होईल म्हणून कुणी रोज्याकडे बघत असेल, तर तसं फारसं होत नाही. किलोभर उतरतं आणि ईदनंतर काही आठवड्यांत परत येतं. इफ्तारला तळण असेल तर उलट वाढतं.

८. रोजा कधी सोडायचा

हे मी माझ्या सासूबाईंच्या अनुभवावरून लिहिते आहे. त्यांना साखरेचा त्रास. त्या वर्षी डॉक्टरांना न विचारता त्यांनी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी सहेरीला घेतली, वर दोन घोट चहा घेतला आणि झोपल्या. तिसरा रोजा होता. दुपारी चारला मी खोलीत गेले तर पंखा चालू असूनही कपाळावर घामाचे थेंब, हात गार, आणि मला त्या आपल्या बहिणीच्या नावाने हाका मारत होत्या. बोटाला सुई टोचून बघितलं, साखर ५४. साखरपाण्याचा ग्लास ओठाला लावला तर त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. "रोजा आहे माझा" एवढंच पुटपुटल्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने थेंब थेंब पाजलं. वीस मिनिटांनी भानावर आल्या आणि रोजा मोडला म्हणून रडल्या. संध्याकाळी मौलानांनी समजावलं की अशा वेळी रोजा सोडणंच बरोबर, नंतर कजा करता येते. तेव्हा कुठे त्या शांत झाल्या.

म्हणून पाठ करून ठेवा:

- साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडायचा. मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी.
- घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ: मोजायला यंत्र नसेल तरी थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा.
- माणूस शुद्धीत नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.
- चक्कर, सतत उलट्या, छातीत दुखणं, दिवसभर लघवी न होणं: रोजा सोडा आणि दवाखान्यात जा.

बोटाला सुई टोचून साखर बघितल्याने रोजा तुटत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि त्या भीतीने ते यंत्राला हातच लावत नाहीत. दम्याच्या पंपाबद्दल मात्र उलेमांत वेगवेगळी मतं आहेत, ते आधी विचारून ठेवा. आणि दम लागल्यावर विचारत बसायचं नाही, पंप घ्यायचा.

९. पाळीच्या दिवसांत

मुलींनो, हे तुमच्यासाठी. त्या दिवसांत रोजा नाही, आणि उपाशी राहायचंही काही कारण नाही. तरीही मी कितीतरी मुली बघितल्या आहेत, ज्या कुणाला कळू नये म्हणून दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत. बाथरूममध्ये उभ्या उभ्या बिस्किट खाणारी मुलगी मी माझ्याच मजल्यावर बघितली आहे, आणि मीही कधीकाळी तेच केलं. रक्त जात असतं, उन्हाळा असतो, आणि आपण लाजेपोटी स्वतःचे हाल करतो. अल्लाहने दिलेली सूट आहे ती. खोलीत बसून नीट जेवा, डब्यात पोई-अंडं न्या, पाणी प्या. पालेभाजी, नाचणी, खजूर, गूळ-शेंगदाणे घ्या, वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. कुणी विचारलंच तर "आज रोजा नाही" एवढं उत्तर पुरे. सुटलेले रोजे एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा, कजा करताना आकडा आठवत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असतो, तेव्हा त्या कजा हलक्या जातात.

१०. ईदच्या दिवशी आणि नंतर

ईदच्या नमाजेला निघण्याआधी खजूर खायचे, विषम संख्येने. मग घरोघरी शीरखुर्मा. महिनाभर दिवसा रिकाम्या असलेल्या पोटाला तुपा-दुधाच्या सहा वाट्या एकदम सोसत नाहीत, तेव्हा प्रत्येक घरी दोन चमचे घ्या आणि दुपारी बिर्याणी हात राखून.

गोळ्या घेणाऱ्यांनी एक काम त्याच आठवड्यात करायचं. रमजानासाठी बदललेली मात्रा ईदनंतर तशीच चालू राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्यावर मी आता दोन चिठ्ठ्या चिकटवते, एक रमजानची, एक नेहमीची, आणि ईदच्या आदल्या रात्री पहिली काढून टाकते.